ब्रिटनमधील सक्तीच्या कामयोजना

शासनाकडून बेरोजगार भत्ता घेणाऱ्या व्यक्तीला, तो भत्ता पुढे चालू राहण्याची अट म्हणून ठरावीक काळ विनावेतन काम करावयास लावणाऱ्या योजनांना सक्तीच्या कामयोजना असे म्हणतात. इंग्रजीत त्यांच्यासाठी 'वर्कफेअर' ही संज्ञा रूढ आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये अशा योजना विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेगवेगळ्या नावांनी राबवण्यात आल्या. त्यांचा सर्वाधिक विस्तार २०११ ते २०१६ या काळात झाला. नेमून दिलेले काम नाकारल्यास किंवा अर्धवट सोडल्यास भत्ता काही आठवडे, तर पुनरावृत्ती झाल्यास काही वर्षेही बंद होऊ शकत असे.

या योजनांवरून ब्रिटनमध्ये दीर्घ राजकीय आणि न्यायालयीन वाद झाला. भत्त्याच्या बदल्यात समाजाने काम मागणे न्याय्य आहे काय, हा वादातील एक प्रश्न होता. अशा कामामुळे बेरोजगाराला खरोखर नोकरी मिळते काय, हा दुसरा प्रश्न होता. पहिल्या प्रश्नावर आजही मतभेद आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शासनाने स्वतः करवून घेतलेल्या पाहण्यांमधून बरेचसे स्पष्ट झाले आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

'वर्कफेअर' हा शब्द काम आणि लोककल्याण या अर्थांचे 'वर्क' व 'वेल्फेअर' हे दोन इंग्रजी शब्द जोडून तयार झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ऑगस्ट १९६९ मध्ये कल्याणयोजनांच्या सुधारणेविषयी केलेल्या भाषणानंतर तो अधिक प्रचलित झाला. ब्रिटिश शासनाने आपल्या योजनांसाठी हा शब्द अधिकृतपणे वापरणे टाळले. टीकाकारांनी मात्र तोच शब्द उचलून धरला.

आंतरराष्ट्रीय सांख्यिकीत बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ बेरोजगार असलेल्या व्यक्तीला सामान्यतः दीर्घकालीन बेरोजगार मानतात. बेरोजगारीचा काळ लांबत गेला की कौशल्ये जुनी होतात, ओळखी तुटतात आणि अर्जातील रिकामी वर्षे पाहून मालक उमेदवाराला टाळू लागतात. त्यामुळे अशा व्यक्तींसाठी केवळ नोकऱ्यांची माहिती पुरेशी नसते, याविषयी सर्व पक्षांचे एकमत आहे. मतभेद आहे तो उपायाविषयी.

सक्तीची कामयोजना आणि अनुदानित रोजगार यांत फरक केला पाहिजे. अनुदानित रोजगारात शासन मालकाला पैसे देते आणि कामगाराला किमान वेतन किंवा त्याहून अधिक वेतन मिळते. तो कर्मचारी ठरतो. सक्तीच्या कामयोजनेत भत्त्याखेरीज काहीही मिळत नाही आणि काम करणारा कायद्याच्या दृष्टीने भत्ताधारकच राहतो. प्रवासखर्च आणि बालसंगोपनाचा खर्च मात्र बहुधा भरून दिला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मदतीच्या बदल्यात काम घेण्याची कल्पना ब्रिटनमध्ये नवी नाही. १६०१ च्या दारिद्र्य कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दीवर, आपल्या गरिबांची जबाबदारी टाकली. धडधाकट गरिबांना कामाला लावावे, असेही त्यात अभिप्रेत होते. १८३४ च्या सुधारणा कायद्याने धडधाकट व्यक्तींना मदत हवी असल्यास श्रमगृहात, म्हणजे 'वर्कहाउस'मध्ये राहावे, हे धोरण स्वीकारले. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत कमी कमावणाऱ्या स्वतंत्र मजुरापेक्षाही वाईट असावी, असे त्यामागील तत्त्व होते. खडी फोडणे आणि जुन्या दोरखंडांचे धागे उसवणे यांसारखी कामे तेथे दिली जात. कामातून मिळणारे उत्पन्न हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. खरी गरज नसलेल्याने मदत मागायला येऊ नये, यासाठी ती चाळणी होती.

१९२९ ते १९३९ या काळात ब्रिटिश श्रम मंत्रालयाने बेरोजगार पुरुषांसाठी निवासी प्रशिक्षण केंद्रे चालवली. खाणी आणि जहाजबांधणी बंद पडलेल्या भागांतील तरुणांना तेथे साधारणतः बारा आठवडे ठेवून वृक्षतोड, रस्तेबांधणी, खोदकाम अशी शारीरिक कष्टाची कामे दिली जात. दीर्घ बेरोजगारीमुळे 'मऊ' पडलेली माणसे पुन्हा कणखर करणे हा त्याचा घोषित उद्देश होता.

१९४२ च्या बेव्हरिज अहवालाने ब्रिटनच्या आधुनिक सामाजिक सुरक्षेचा आराखडा मांडला. त्यातही, काही काळ बेरोजगार राहिलेल्या व्यक्तीचा भत्ता काम किंवा प्रशिक्षण केंद्रातील उपस्थितीशी जोडावा, अशी सूचना होती. मात्र या अहवालाने पूर्ण रोजगार राखण्याची जबाबदारी शासनावर गृहीत धरली होती. म्हणजे अट दोन्ही बाजूंना लागू होती. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुना दारिद्र्य कायदा संपुष्टात आणला.

१९९६ ते २०१० मधील योजना

ऑक्टोबर १९९६ मध्ये 'जॉबसीकर्स अलाउन्स' म्हणजेच रोजगारशोधक भत्ता लागू झाला. भत्ताधारकाने कामासाठी उपलब्ध असणे, सक्रियपणे काम शोधणे आणि तशा लेखी करारावर स्वाक्षरी करणे त्यात बंधनकारक होते. त्याच वर्षी 'प्रोजेक्ट वर्क' हा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. दोन वर्षांहून अधिक काळ बेरोजगार असलेल्यांना त्यात तेरा आठवडे नोकरी शोधण्यास साहाय्य आणि त्यानंतर तेरा आठवडे सक्तीचा कार्यानुभव असे.

१९९७ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या शासनाने १९९८ मध्ये 'न्यू डील' ही योजना आणली. खासगीकरण झालेल्या वीज, पाणी इत्यादी कंपन्यांवर बसवलेल्या एकरकमी करातून तिचा खर्च भागवण्यात आला. सहा महिने बेरोजगार असलेल्या १८ ते २४ वयाच्या तरुणांपुढे चार पर्याय ठेवले गेले. ते असे: अनुदानित नोकरी, पूर्णवेळ शिक्षण किंवा प्रशिक्षण, स्वयंसेवी संस्थेतील काम आणि पर्यावरण पथकातील काम. पूर्ण भत्ता घेऊन घरी राहण्याचा पाचवा पर्याय असणार नाही, हे शासनाने आरंभीच स्पष्ट केले होते.

२००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर २००९ मध्ये 'फ्यूचर जॉब्ज फंड' सुरू झाला. त्यात प्रामुख्याने दीर्घकाळ बेरोजगार तरुणांना सहा महिने, आठवड्याला किमान २५ तास, किमान वेतनाने काम दिले जाई. मे २०१० मध्ये आलेल्या हुजूर व उदारमतवादी लोकशाहीवादी पक्षांच्या आघाडी शासनाने खर्चकपातीत ही योजना गुंडाळण्याचा निर्णय घेतला.

२०११ ते २०१६ मधील योजना

आघाडी शासनात कार्य व निवृत्तिवेतन खात्याचे मंत्री इयान डंकन स्मिथ होते. त्यांच्या कार्यकाळात पुढील योजना सुरू झाल्या.

मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटी: मे २०११ पासून. चार आठवडे, आठवड्याला ३० तासांपर्यंत. रोजगार केंद्रातील सल्लागाराला एखाद्या व्यक्तीस कामाची शिस्त किंवा सवय नाही असे वाटल्यास तो तिला या योजनेत पाठवू शकत असे. काम समाजाच्या उपयोगाचे असावे, अशी अट होती. ही योजना केवळ दीर्घकालीन बेरोजगारांपुरती मर्यादित नव्हती.

वर्क प्रोग्रॅम: जून २०११ पासून. दीर्घकालीन बेरोजगारांना दोन वर्षांपर्यंत खासगी व स्वयंसेवी कंत्राटदारांच्या हवाली केले जाई. उमेदवार नोकरीत टिकल्यावरच कंत्राटदाराला बहुतांश मोबदला मिळे. सक्तीचे काम हा कंत्राटदाराच्या हाती असलेल्या अनेक उपायांपैकी एक होता.

कार्यानुभव योजना: जानेवारी २०११ पासून, तरुणांसाठी, दोन ते आठ आठवडे. सहभाग ऐच्छिक होता. मात्र पहिल्या आठवड्यानंतर काम सोडल्यास भत्ता बंद होऊ शकत असे. फेब्रुवारी २०१२ मध्ये जनमताच्या दबावाखाली, गंभीर गैरवर्तनाचा अपवाद वगळता, ही शिक्षा काढून टाकण्यात आली.

क्षेत्रनिहाय कार्य अकादमी: ऑगस्ट २०११ पासून. प्रशिक्षण, विनावेतन कार्यानुभव आणि शेवटी मुलाखतीची हमी असा सहा आठवड्यांपर्यंतचा क्रम.

कम्युनिटी वर्क प्लेसमेंट्स: एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'हेल्प टू वर्क' या उपक्रमाचा भाग. वर्क प्रोग्रॅमची दोन वर्षे संपूनही नोकरी न मिळालेल्यांना सहा महिन्यांपर्यंत, आठवड्याला ३० तास विनावेतन काम आणि त्याशिवाय नोकरी शोधण्याचे बंधन होते. याच उपक्रमातील दुसरा पर्याय रोजगार केंद्रावर दररोज हजेरी लावण्याचा होता.

कामाची ठिकाणे प्रामुख्याने धर्मादाय संस्थांची दुकाने, स्थानिक स्वराज्य संस्था, पर्यावरण प्रकल्प आणि काही योजनांत मोठ्या किरकोळ विक्री कंपन्या ही होती. माल फळ्यांवर लावणे, साफसफाई, बागकाम, जुन्या वस्तूंची वर्गवारी अशी कामे दिली जात.

भत्ता आणि वेतन यांचा हिशेब

२०११-१२ या वर्षी २५ वर्षांवरील एकट्या व्यक्तीचा रोजगारशोधक भत्ता आठवड्याला ६७.५० पौंड, तर त्याहून लहान वयाच्या व्यक्तीचा ५३.४५ पौंड होता. आठवड्याला ३० तास काम केल्यास हा भत्ता तासाला अनुक्रमे २.२५ आणि १.७८ पौंड पडतो. ऑक्टोबर २०११ पासून प्रौढांचे राष्ट्रीय किमान वेतन तासाला ६.०८ पौंड होते. त्या दराने ३० तासांचे १८२.४० पौंड झाले असते. शासकीय योजनांतील सहभागींना किमान वेतनाच्या नियमांतून वगळलेले असल्याने ही तफावत कायदेशीर होती.

हा हिशेब अपुरा आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. अनेक भत्ताधारकांना घरभाड्यासाठी वेगळे साहाय्य मिळे आणि योजना हे प्रशिक्षण असून नोकरी नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्या पगारी कर्मचाऱ्याला किमान वेतन मिळत असेल, तर त्या कामाला प्रशिक्षण म्हणता येणार नाही, असे टीकाकारांचे उत्तर होते.

शिक्षा

ऑक्टोबर २०१२ पासून शिक्षांची नवी श्रेणी लागू झाली. मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटीतील कसूर उच्च श्रेणीत मोडत असे. पहिल्या वेळी १३ आठवडे, दुसऱ्या वेळी २६ आठवडे आणि तिसऱ्या वेळी १५६ आठवडे, म्हणजे तीन वर्षे, भत्ता बंद होऊ शकत असे. वर्क प्रोग्रॅममधील कसुरीसाठी हा काळ चार आणि तेरा आठवडे होता. भत्ता बंद झालेल्या काळात केवळ अत्यंत निकडीच्या प्रसंगी कमी दराचे साहाय्य मिळे. तीन वर्षांची शिक्षा नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द करून कमाल मर्यादा सहा महिन्यांवर आणण्यात आली.

न्यायालयीन लढा

या योजनांसंबंधीचा सर्वांत महत्त्वाचा खटला 'रायली' या नावाने ओळखला जातो. भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेली बर्मिंगहॅममधील एक तरुणी एका संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करीत होती. २०११ च्या अखेरीस तिला ते सोडून 'पाउंडलँड' या दुकानसाखळीच्या शाखेत दोन आठवडे विनावेतन काम करावे लागले. ही योजना ऐच्छिक असतानाही तिला ती सक्तीची असल्याचे सांगण्यात आले होते. दुसरा अर्जदार अवजड वाहनांचा मेकॅनिक होता. सहा महिने, आठवड्याला ३० तास, जुने फर्निचर स्वच्छ करण्याचे विनावेतन काम त्याने नाकारले आणि त्याचा भत्ता सहा महिने बंद झाला.

दोघांनी दोन मुद्दे मांडले. २०११ ची नियमावली मूळ कायद्याच्या अधिकाराबाहेरची आहे, हा पहिला मुद्दा होता. असे काम युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ४ ने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी आहे, हा दुसरा.

उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये सक्तीच्या मजुरीचा मुद्दा फेटाळला. १२ फेब्रुवारी २०१३ रोजी अपील न्यायालयाने नियमावली अवैध ठरवली. संसदेने मंत्र्याला विहित वर्णनाच्या योजना नियमांद्वारे ठरवण्याचा अधिकार दिला होता, परंतु नियमावलीत योजनांचे असे वर्णनच नव्हते. शासनाने त्याच दिवशी नवी नियमावली लागू केली. पुढील महिन्यात संसदेने घाईने मंजूर केलेल्या कायद्याला २६ मार्च २०१३ रोजी राजसंमती मिळाली. या कायद्याने पूर्वी दिलेल्या शिक्षा पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरवल्या. तसे न केल्यास सुमारे १३ कोटी पौंड परत करावे लागतील, असा शासनाचा अंदाज होता.

३० ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जुनी नियमावली अवैध असल्याचा निर्णय कायम ठेवला. ज्याच्यावर काम लादले जाते त्याला योजनेची पुरेशी माहिती आधी मिळाली पाहिजे, अन्यथा त्याला आपली बाजू मांडता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. सक्तीच्या मजुरीचा मुद्दा मात्र येथेही फेटाळला गेला. भत्ता काम शोधणाऱ्यासाठी असतो, म्हणून कामाशी संबंधित अट त्या भत्त्याच्या हेतूशी निगडित आहे, असे न्यायालयाचे मत होते.

पूर्वलक्षी कायद्यालाही आव्हान दिले गेले. तो न्याय्य सुनावणीच्या हक्काशी विसंगत असल्याचे उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये घोषित केले. अपील न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये, ज्यांची अपिले आधीच प्रलंबित होती त्यांच्यापुरता हा निष्कर्ष कायम ठेवला. त्यांना दिलासा देणारा दुरुस्ती आदेश २०२० मध्ये निघाला. एका भत्ताधारकाच्या दृष्टीने पाहिल्यास, २०११ मध्ये बंद झालेल्या काही आठवड्यांच्या भत्त्याचा प्रश्न सुटण्यास नऊ वर्षे लागली.

ज्या संस्थांत सक्तीने काम करवून घेतले गेले, त्यांची नावे जाहीर करण्यासही खात्याने दीर्घकाळ विरोध केला. नावे उघड झाल्यास निषेधाच्या भीतीने संस्था माघार घेतील, असे खात्याचे म्हणणे होते. माहिती अधिकाराखालील हा वाद अपील न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०१६ मध्ये खात्याचे अपील फेटाळले गेल्यानंतर पाचशेहून अधिक संस्थांची यादी प्रसिद्ध झाली. तोपर्यंत संबंधित योजना बंद झाल्या होत्या.

परिणामकारकता

सक्तीच्या कामयोजनांचा परिणाम मोजताना संशोधक सहसा चार गोष्टी तपासतात.

धाक-परिणाम: काम करावे लागेल या कल्पनेनेच काही जण भत्ता सोडतात. त्यांतील कितींना नोकरी मिळाली आणि किती जण केवळ यादीतून बाहेर पडले, हे वेगळे तपासावे लागते.

अडकून पडण्याचा परिणाम: आठवड्याचे ३० तास नेमून दिलेल्या कामात गेल्यास नोकरी शोधण्यास वेळ उरत नाही.

अनुभव-परिणाम: केलेले काम मालकांच्या दृष्टीने किती मोलाचे ठरते, यावर हा अवलंबून असतो.

विस्थापन: विनावेतन माणूस उपलब्ध असल्यास मालक पगारी माणसाचे तास कमी करू शकतो किंवा नवी भरती टाळू शकतो.

२००८ मध्ये याच खात्यासाठी शेफील्ड हॅलम विद्यापीठातील रिचर्ड क्रिस्प व डेल रॉय फ्लेचर यांनी अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील योजनांचा आढावा घेतला. अशा योजनांमुळे नोकरी मिळण्याची शक्यता वाढते, याला फारसा पुरावा नाही, उलट शोधाला मिळणारा वेळ कमी होऊन ती घटू शकते, असे त्यांना आढळले. रोजगाराची स्थिती वाईट असताना आणि अनेक अडचणींनी घेरलेल्या व्यक्तींबाबत या योजना सर्वांत कमी उपयोगी ठरतात, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

जून २०१२ मध्ये खात्याने मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटीच्या प्रारंभिक परिणामांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. योजनेत पाठवलेल्यांपैकी भत्ता घेणाऱ्यांचे प्रमाण थोडे घटले, परंतु ही घट तात्पुरती होती आणि नोकरी मिळण्यावर कोणताही परिणाम दिसला नाही. असे असूनही त्याच सुमारास योजनेचा विस्तार जाहीर झाला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये, आधीच बंद केलेल्या फ्यूचर जॉब्ज फंडाचे विश्लेषण खात्याने प्रसिद्ध केले. सुरुवातीपासून दोन वर्षांनंतर या योजनेतील तरुण अनुदानाविना नोकरीत असण्याची शक्यता, योजनेत नसलेल्या तत्सम तरुणांपेक्षा ११ टक्केबिंदूंनी अधिक होती. प्रत्येक सहभागीमागे शासकीय तिजोरीवर निव्वळ भार पडला, परंतु समाजाला एकंदर सुमारे ७,७५० पौंडांचा निव्वळ लाभ झाला, असा अंदाज होता.

दोन्ही योजनांतील व्यक्ती, कालावधी आणि खर्च वेगळे असल्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करताना सावधगिरी आवश्यक आहे. तरीही खात्याच्या दोन अहवालांतून निघणारी दिशा एकच आहे. सहा महिन्यांची पगारी नोकरी उमेदवाराच्या पुढील वाटचालीत टिकाऊ फरक घडवते. चार आठवड्यांचे विनावेतन काम तसा फरक घडवत नाही.

समर्थन आणि टीका

समर्थकांचा मुख्य आधार परस्पर कर्तव्याचा आहे. भत्ता करदात्यांच्या पैशातून येतो आणि त्यांतील अनेक जण स्वतः अल्प वेतनावर राबतात. म्हणून भत्ता घेणाऱ्यानेही काही परत द्यावे, असे ते म्हणतात. वेळेवर उठणे, ठरलेल्या जागी पोहोचणे, इतरांबरोबर काम करणे या सवयी दीर्घ बेरोजगारीत सुटतात आणि त्या परत लावणे हे साहाय्यच आहे, हाही त्यांचा मुद्दा आहे. लपूनछपून काम करून भत्ता घेणारे या अटीमुळे उघडे पडतात, असेही सांगितले जाते.

'बॉयकॉट वर्कफेअर' ही मोहीम, कामगार संघटना आणि अनेक स्वयंसेवी संस्था यांनी विरोध केला. समाजसेवेची शिक्षा झालेल्या गुन्हेगाराप्रमाणे बेरोजगाराला वागवले जाते, हा त्यांचा एक आक्षेप होता. बेरोजगारीचे कारण व्यक्तीच्या सवयींत शोधल्याने नोकऱ्यांचा तुटवडा, अनारोग्य, महागडी बालसंगोपन व्यवस्था यांकडे दुर्लक्ष होते, हा दुसरा. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'टेस्को' या कंपनीतील रात्रपाळीच्या कामाची 'भत्ता अधिक खर्च' अशा मोबदल्याची जाहिरात शासकीय संकेतस्थळावर दिसली तेव्हा मोठा गदारोळ झाला. जाहिरातीत चूक झाल्याचे कंपनीने सांगितले. याच सुमारास काही कंपन्या योजनांतून बाहेर पडल्या. २०१४ मध्ये अनेक धर्मादाय संस्थांनी, सेवाकार्य ऐच्छिकच असले पाहिजे, या भूमिकेतून कम्युनिटी वर्क प्लेसमेंट्समध्ये सहभागी होण्यास नकार दिला.

इतर देशांतील योजना

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने गरीब कुटुंबांचे रोख साहाय्य कामाच्या अटीशी आणि साधारणतः पाच वर्षांच्या कालमर्यादेशी जोडले गेले. न्यूयॉर्क शहरात मदत घेणाऱ्यांकडून उद्याने व कार्यालये स्वच्छ करून घेण्याची मोठी योजना होती. ती पुढे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये 'वर्क फॉर द डोल' योजना सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ जेफ बोरलँड व यी-पिंग त्सेंग यांनी तिच्या प्रारंभिक टप्प्याचा अभ्यास केला असता, सहभागींचे भत्ता सोडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. एप्रिल २०१६ मध्ये क्वीन्सलंडमधील तुवूम्बा येथे या योजनेत काम करताना एका १८ वर्षांच्या तरुणाचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा प्रश्न तेथे ऐरणीवर आला.

जर्मनीत २००५ च्या 'हार्ट्झ ४' सुधारणांनी 'एक-युरो काम' रूढ केले. त्यात भत्त्यावर तासाला एक ते दोन युरो अधिक मिळत. काम सार्वजनिक हिताचे असावे आणि एरवी न होणारे, म्हणजे कोणाची नोकरी न हिरावणारे असावे, अशी अट होती. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने, सहकार्य न केल्याबद्दल निर्वाह भत्त्यात ३० टक्क्यांहून अधिक कपात करणे घटनाबाह्य ठरवले. भत्त्याला अटी घालण्याचा शासनाचा अधिकार मात्र त्याने मान्य केला.

भारतातील रोजगार हमीशी तुलना

विकास अर्थशास्त्रात भारतातील रोजगार हमी योजनांचाही उल्लेख कधीकधी 'वर्कफेअर' असा केला जातो. अंगमेहनतीची अट असल्याने ज्याला खरी गरज आहे तोच येतो, हे चाळणीचे तत्त्व दोन्हींत समान आहे. परंतु हक्क आणि कर्तव्य यांची दिशा नेमकी उलट आहे.

वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७७ च्या अधिनियमाने कायदेशीर हक्क बनली. तीत काम मागणारा नागरिक असतो आणि ते पुरवण्याचे बंधन शासनावर असते. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमानेही, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता देण्याची तरतूद केली. म्हणजे येथील बेरोजगार भत्ता हा काम न देणाऱ्या शासनाने भरावयाचा दंड आहे. ब्रिटनमधील योजनांत तोच भत्ता काम न करणाऱ्या नागरिकाकडून दंड म्हणून काढून घेतला जातो.

विनावेतन कामाच्या प्रश्नावर दोन्ही देशांच्या सर्वोच्च न्यायालयांची भूमिकाही वेगळी आहे. भारतीय संविधानाचे कलम २३ वेठबिगारी व सक्तीची मजुरी यांना मनाई करते. १९८२ च्या, एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांविषयीच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम या कलमाखाली सक्तीची मजुरी ठरते, असा निर्णय दिला. उपासमार आणि दारिद्र्य यांतून येणारी अगतिकता हीदेखील सक्तीच होय, असा त्यामागील विचार होता. १९८३ च्या संजित रॉय खटल्यात हेच तत्त्व राजस्थानातील दुष्काळी कामांना लावण्यात आले. शासन मदत म्हणून काम देत असले तरी त्याला किमान वेतनाहून कमी देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

सद्यस्थिती

नोव्हेंबर २०१५ च्या खर्च आढाव्यात मँडेटरी वर्क ॲक्टिव्हिटी आणि कम्युनिटी वर्क प्लेसमेंट्स यांना मुदतवाढ न देण्याचा निर्णय झाला आणि २०१६ मध्ये त्या संपल्या. २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या 'युनिव्हर्सल क्रेडिट' या एकत्रित भत्त्यात काम शोधण्याच्या अटी आणि शिक्षा कायम राहिल्या. कोविड-१९ महासाथीत, सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'किकस्टार्ट' योजनेने पुन्हा पगारी मार्ग स्वीकारला. १६ ते २४ वयाच्या तरुणांना सहा महिने, आठवड्याला २५ तास किमान वेतनाचे काम असे तिचे स्वरूप होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हुजूर पक्षाच्या शासनाने, अठरा महिने साहाय्य घेऊनही नोकरी न मिळालेल्यांसाठी सक्तीच्या कामाची योजना जाहीर केली. जुलै २०२४ मध्ये सत्तांतर झाले. मजूर पक्षाच्या शासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये, अठरा महिने भत्त्यावर असलेल्या आणि नोकरी वा शिक्षणात नसलेल्या तरुणांना पगारी कामाची हमी जाहीर केली. सबळ कारणाविना ते नाकारल्यास भत्ता कापला जाऊ शकेल, असेही सांगण्यात आले. सक्तीचा घटक अशा रीतीने टिकून राहिला आहे. मात्र नेमून दिलेल्या कामाला वेतन मिळावे, हा २०११ च्या योजनांत नाकारलेला भाग ब्रिटिश धोरणात परत आला आहे.